गिल्फर्डचे दगडी घर आणि शरदातली ऊब

न्यू इंग्लंडमध्ये ऑक्टोबर उजाडला की एक चित्र हमखास समोर येते : जुने दगडी घर, रुंद फायरप्लेसमध्ये धगधगणारी लाकडे, शेजारी चरखा, तुळईला टांगलेली मक्याची कणसे, दारात भोपळे आणि शेकत बसलेली मंडळी. हे सतराव्या शतकातील वसाहतीचे चित्र आहे असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याची मांडणी बरीच अलीकडची. कनेटिकट राज्यातील गिल्फर्ड गावचे हेन्री व्हिटफील्ड यांचे घर पाहिले की हे ध्यानात येते.

हे घर १६३९ मध्ये उभे राहिले. (शिवाजी महाराज तेव्हा नऊ वर्षांचे होते.) व्हिटफील्ड हे इंग्लंडच्या सरे परगण्यातील प्युरिटन धर्मोपदेशक. स्थानिक दगड, आणि तो सांधण्यासाठी पिवळी माती व कालवांच्या शिंपल्यांचा चुरा, एवढ्यावर जाड भिंती उभ्या केल्या गेल्या. न्यू इंग्लंडमधील हे सर्वांत जुने दगडी घर होय. ते केवळ निवासस्थान नव्हते. चर्च बांधले जाईपर्यंतचे प्रार्थनास्थळ, गावाची सभा भरण्याची जागा आणि प्रसंगी आश्रयाचा कोट, अशी सारी कामे त्याने केली.

त्या पहिल्या शरदात तेथे खरोखर घडलेली मोठी भेट मात्र उबदार म्हणता येणार नाही. सप्टेंबर १६३९ मध्ये मेनंकाटक लोकांची स्त्री-प्रमुख शॉम्पिशू हिच्याशी जमिनीचा करार झाला. मोबदला काय, तर १२ कोट, १२ कुऱ्हाडी, १२ कुदळी, १२ सुऱ्या, ४ किटल्या, शंखशिंपल्यांच्या मण्यांच्या माळा आणि असाच किरकोळ ऐवज. ज्यांची भूमी होती त्यांनी तेथून उठून जायचे होते. सजवलेल्या दिवाणखान्यात या व्यवहाराची खूण सहसा आढळत नाही.

व्हिटफील्ड १६५० मध्ये मायदेशी परतले. पुढे घर लंडनच्या रॉबर्ट थॉम्पसन यांनी घेतले आणि शतकाहून अधिक काळ ते दूरस्थ मालकांच्या ताब्यात, कुळांच्या वापरात राहिले. १८६८ मध्ये त्याचा असा कायापालट झाला की मूळ रूप ओळखू येईना.

त्याच सुमारास अमेरिकेची दृष्टी भूतकाळाकडे वळत होती. साराह जोसेफा हेल यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर लिंकन यांनी १८६३ मध्ये नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारी राष्ट्रीय ‘थँक्सगिव्हिंग’ जाहीर केला. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वसाहतकालीन स्वयंपाकघर मांडून दाखवण्यात आले. वॉलेस नटिंग यांनी तर पुढे जुनी घरेच विकत घेतली, जुन्या पोशाखातल्या स्त्रियांना चुलीपाशी बसवून छायाचित्रे काढली, हाताने रंगवली आणि घरोघरी विकली. यादवी युद्धाने भंगलेल्या, कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या आणि नवागत स्थलांतरितांकडे धास्तीने पाहणाऱ्या समाजाला ही ऊब हवी होती. उघड्या फायरप्लेसची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे निघून जाते आणि पाठ गारठलेलीच राहते, हे त्या छायाचित्रांत कोठून दिसणार?

व्हिटफील्ड यांचे घर याच लाटेत वाचले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ते राज्याच्या मालकीचे झाले. वास्तुतज्ज्ञ नॉर्मन आयशम यांनी १९०२ ते १९०४ या काळात त्याचा जीर्णोद्धार करून आत भव्य दालन साकारले. एका संग्रहालयाला शोभेल असे. १९३० च्या दशकात जे. फ्रेडरिक केली यांना ते पुरेसे पटले नाही. भिंतींत सापडणाऱ्या पुराव्यांच्या आधारे त्यांनी सतराव्या शतकाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न केला. आज दिसणारे घराचे रूप पुष्कळसे त्यांच्याच हातचे आहे. जुने दगड आहेत, पण त्यांच्याभोवतीचे घर दोन वास्तुतज्ज्ञांच्या अभ्यासातून आणि काहीशा कल्पनेतून पुन्हा जन्मलेले.

मग ते खोटे म्हणावे काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. आयशम आणि केली नसते, तर पाहायला बहुधा दगडही उरले नसते. १९९७ मध्ये या घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तेव्हा १६३९ च्या बांधकामाबरोबरच या दोन जीर्णोद्धारांचेही मोल धरले गेले.