बैठकव्यवस्था, वर्गातील (लवचीक)

शाळेच्या खोलीत मुले कोठे, कशावर आणि कोणाकडे तोंड करून बसतात, त्या मांडणीला वर्गातील बैठकव्यवस्था म्हणतात. ही मांडणी कामागणिक बदलता येत असेल आणि ती बदलण्यात मुलांचाही हात असेल, तर ती लवचीक होय. अलीकडे या विषयाची चर्चा रंगीत खुर्च्या, बीनबॅग आणि चाकांची टेबले यांभोवती फिरते, त्यामुळे ही महागड्या शाळांची चैन आहे असा समज होतो. पुरावा मात्र निराळे सांगतो. लवचीकपणा येतो तो मांडणी मोडण्याच्या मुभेतून, आणि ही मुभा बाकांच्या वर्गापेक्षा सतरंजीवर भरणाऱ्या वर्गाला अधिक सहज मिळू शकते.

फळ्याकडे तोंड करून एकामागे एक रांगा लावण्याची रीत एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक शिक्षणाच्या विस्ताराबरोबर रुजली. एकाने सांगायचे आणि अनेकांनी ऐकायचे, एवढ्या कामाला ती पुरेशी होती. मुलांना हाताने काम करता येईल अशी टेबले बाजारात शोधूनही मिळत नाहीत, विकायला आहेत ती सगळी ऐकण्यासाठी केलेली, ही अडचण जॉन ड्यूई यांनी ‘द स्कूल अँड सोसायटी’ (१८९९) या पुस्तकात नोंदवली आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. तेथून वाढलेल्या त्यांच्या पद्धतीत जागच्या जागी जखडून ठेवणाऱ्या जड बाकांना थारा नव्हता. मुलाला स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबले-खुर्च्या त्यांनी घेतल्या. हलकी खुर्ची धक्का लागून पडेल, हा आक्षेप त्यांच्यापुढे आला होता. खुर्ची पडल्याचा आवाज मुलाला स्वतःच्या बेंगरूळ हालचालीची जाणीव करून देतो, म्हणून तो हवाच, असे त्यांचे उत्तर होते. भारतात हा विचार खेड्यात नेण्याचे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी बालशिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणापर्यंत नेले. तिथे विकत घेतलेल्या फर्निचरचा प्रश्नच नव्हता.

बसण्याची जागा ही कधीच नुसती सोय नसते. शाळकरी भीमराव आंबेडकरांना वर्गात एका कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, तेही स्वतःच्या गोणपाटावर. शाळेचा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि परत आणावे लागे. आज असा भेद बेकायदा आहे. तरी जागेवरून मुलाची किंमत ठरण्याचे सौम्य प्रकार शिल्लक आहेत, आणि ‘मागच्या बाकावरचा’ हे विशेषण त्यांतलेच. अ‍ॅडम्स आणि बिडल यांनी १९७० मध्ये वर्गांचे निरीक्षण मांडले, तेव्हा शिक्षकाशी होणारा बराचसा संवाद पुढची रांग आणि मधली ओळ एवढ्याच पट्ट्यात घडताना दिसला. तीन-चार जणांच्या बाकाचा एक दोष तर साधा आहे: मधल्या मुलाला फळ्याकडे जायचे असेल तर शेजाऱ्याला उठवावे लागते. आपलेपणा वाटणारा वर्ग हवा असेल, तर भिंतीवर सुविचार रंगवण्याआधी हे पाहावे.

यावरून रांगा वाईट आणि गोल चांगला असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. वॉनार्का आणि रूल यांनी २००८ मध्ये तोवरच्या आठ अभ्यासांचा आढावा घेतला. प्रत्येकाने एकट्याने करायच्या कामात मुले रांगेत असताना जास्त लक्ष देतात, विशेषतः एरवी वर्गात गडबड करणारी मुले, असे त्यातून दिसते. बोलण्याच्या, मिळून करण्याच्या कामाला गट किंवा अर्धवर्तुळ बरे. म्हणून गोंगाटाचा आक्षेप खरा असला तरी तो कायमच्या गटांना लागू पडतो. लवचीक वर्गात गणिते सोडवताना रांग लावता आली पाहिजे आणि गोष्ट ऐकताना ती मोडता आली पाहिजे. सॅलफर्ड विद्यापीठाच्या पीटर बॅरेट आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील २७ प्राथमिक शाळांतील १५३ वर्ग तपासले (२०१५). मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक पडला, त्यातला सुमारे १६ टक्के त्यांना खोलीच्या गुणांशी जोडता आला. पण त्यातला जवळपास निम्मा वाटा उजेड, हवा आणि तापमानाचा होता. अंधाऱ्या, कोंदट खोलीत नवे फर्निचर आणून फारसे काही साधत नाही.

भारतीय वर्गात एवढी जागा कुठे आहे, हा आक्षेप सर्वांत वजनदार. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी शिक्षकामागे ३० मुले हे प्रमाण घातले, पण अनेक वर्गांत त्याहून अधिक मुले दाटीने बसतात. २०२५ मध्ये केरळमधील काही शाळांनी एका मल्याळम चित्रपटाच्या प्रभावातून आणि मग तमिळनाडूने बाक तीन बाजूंनी लावण्याचे ठरवले, तेव्हा कडेच्या मुलांनी दिवसभर मान वळवून फळा पाहायचा का, असा प्रश्न विचारला गेला. तो रास्त आहे. एक ताठर मांडणी काढून दुसरी बसवली की लवचीकपणा येत नाही. त्याच तमिळनाडूत कृतिआधारित अध्यापनाच्या वर्गांनी पूर्वी वेगळी वाट दाखवली होती: मुले चटईवर गोलात, शिक्षकही जमिनीवर, आणि भिंतींवर मुलांच्या हाताला येतील असे बुटके फळे. फळाच मुलांजवळ आला की मान वळवण्याचा प्रश्न उरत नाही.

जमिनीवर बसणे म्हणजे गरिबी, असे अनेक पालकांना वाटते, आणि बाकांची मागणी त्यातून येते. तिला हिणवू नये. मांडी घालता न येणाऱ्या मुलाला खुर्ची हवीच, आणि तासन्‌तास वाकून लिहिण्यापेक्षा उतरते बैठे मेज बरे. बाक घ्यायचेच असतील तर एका मुलाला सरकवता येतील असे एकेरी घ्यावेत, लांब जोडबाक घेऊ नयेत. आणि खोलीचा एक कोपरा सतरंजीसाठी मोकळा ठेवावा.