पीक विद्यार्थ्यांचे

कोल्हापूर म्हटले की परगावच्या माणसाला अंबाबाई, कुस्ती, चप्पल आणि तांबडा रस्सा एवढेच आठवते. फार तर ऊस. पण उसाइतकेच जोमदार आणखी एक पीक आमच्याकडे येते, ते विद्यार्थ्यांचे. दर जूनला उगवते. फरक एवढाच, की उसाला कारखाना पिळतो, आणि विद्यार्थी घरमालकाला पिळतो. (हे घरमालकांचे मत. विद्यार्थ्यांचे नेमके उलटे आहे.) नापास होऊन त्याच खोलीत मुक्काम वाढवणाऱ्याला आमच्या शेजारचे अण्णा ‘खोडवा’ म्हणतात.

या पिकाची खरी लावण केली शाहू महाराजांनी. तसे राजाराम कॉलेज १८८० पासून होतेच. गोपाळ कृष्ण गोखले तिथे शिकून गेले. पण खेड्यातल्या पोराला शिकायचे कुठे यापेक्षा रात्री पाठ कुठे टेकायची आणि भाकरी कुणाच्या घरची खायची, हा प्रश्न मोठा होता. भाकरी वाढण्याआधी जात विचारण्याचा तो काळ. महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढले. पण पाहता पाहता तिथे बहुतेक ब्राह्मण मुलेच उरली. मग महाराजांनी उलटा डाव टाकला. १९०१ साली मराठा आणि जैन, १९०६ साली मुस्लिम, १९०७ साली लिंगायत आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ज्या जातीने पंगतीतून उठवले, त्याच जातीच्या नावाने महाराजांनी ताट मांडले! दसरा चौकात उभे राहून पाहिले, तर यातल्या काही बोर्डिंगांच्या पाट्या एकमेकींच्या शेजारी आजही दिसतात.

पुढे १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आले आणि सागरमाळावर शहाणपणाची वस्ती झाली. मग गावात जो तो माडीवर एक खोली चढवू लागला.

आता अशा गावात राहण्याचे तोटे सांगतो. खोली दोघांना द्यावी, तर सकाळी पायऱ्यांवर सहा जोडी चपला. विचारावे तर उत्तर ठरलेले, “काका, गावाकडनं पाव्हणं आल्यात.” हे पाहुणे परीक्षा संपेपर्यंत हलत नाहीत. पाण्याची टाकी आठालाच रिकामी. मोटारसायकलींचा धुरळा रात्री अकरापर्यंत. खानावळीत रविवारी जावे, तर मटणाचा वाडगा आपल्यापर्यंत येईतो त्यात नुसता रस्साच उरतो.

आणि फायदे? ना. सी. फडके आणि माधव जूलियन राजाराम कॉलेजात शिकवत, तेव्हा कादंबरीकार आणि कवी गावाला रस्त्यावर फुकट बघायला मिळत. व्याख्यानाला तिकीट नसते आणि समोर बसायला तरुण डोकी असतात. पण खरा फायदा मे महिन्यात कळतो. पोरे गावाला जातात, खानावळीच्या चुली थंड होतात, चहावाला माशा मारत बसतो आणि टाकी भरून वाहते. तिसऱ्या दिवशी आमची मंडळीच म्हणतात, “घर खायला उठलंय हो.”

जूनमध्ये फेटेवाला बाप पोराला आणि पत्र्याच्या ट्रंकेला घेऊन दारात उभा राहतो. “पोराला जागा गावंल काय?” १८९६ चाच प्रश्न. फक्त बोर्डिंगाच्या दाराऐवजी आता आमच्या दारात.

गल्लीतले काही घरमालक यावर भाडे सांगण्याआधी हळूच विचारतात, “आडनाव काय म्हणालात?” शंभर वर्षांहून अधिक काळ महाराजांच्या नावाने चौक, रस्ते, पुतळे झाले, या एका प्रश्नापर्यंत मात्र महाराज अजून पोचायचे आहेत.

आमच्या घरी तो प्रश्न निघत नाही. सौभाग्यवतींची विचारणा वेगळी असते: “भाऊ, पाव्हणं किती येणार, तेवढं आत्ताच सांगा.”