कॅप्सूलमधली भुकटी : ब्रिस्बेन, १९६८ (थ्रेड)

१९६८ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात अपस्माराचे काही रुग्ण झिंगल्यासारखे वागू लागले. चालताना तोल जाई, एका वस्तूच्या दोन दिसत, बुबुळे थरथरत, जीभ जड होई. हे सारे जण फेनिटॉईन घेणारे होते आणि डोस पूर्वीचाच होता. रक्त तपासले तेव्हा त्यात औषधाचे प्रमाण मात्र विषारी पातळीला पोहोचलेले आढळले. मग जास्तीचे औषध आले कोठून?

थोडे मागे जाऊ. हाइनरिश बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्येच फेनिटॉईन तयार केले होते. पण त्याचा उपयोग कोणाच्याच ध्यानात आला नाही. तोवर अपस्मारावर ब्रोमाइड आणि १९१२ पासून फिनोबार्बिटल दिले जाई. दोन्हींमुळे गुंगी येई. १९३८ मध्ये बोस्टन येथे मेरिट व पुटनम यांनी मांजरांवरील विद्युत्प्रयोगांतून दाखवून दिले की, फेनिटॉईन फारशी गुंगी न आणता आकडी रोखते. तीस वर्षे फडताळात पडून राहिलेले रसायन जगभर पोहोचले.

आता पुन्हा ब्रिस्बेन. शोध घेता कळले की उत्पादकाने कॅप्सूलमधील भरणाची भुकटी बदलली होती. पूर्वी तेथे कॅल्शियम सल्फेट, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कुळातला पदार्थ असे. त्याऐवजी लॅक्टोज, अर्थात दुधातील साखर आली. दोन्ही पदार्थ ‘निष्क्रिय’ मानले जात. प्रत्यक्षात कॅल्शियम सल्फेट औषधाचा काही भाग आतड्यात शोषू देत नव्हते. हा अडसर दूर होताच तोच डोस रक्तात अधिक प्रमाणात उतरू लागला. (मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारा शब्द ‘निष्क्रिय’ हाच वाटतो.)

बरे, थोडे जास्त शोषले गेले म्हणून एवढा अनर्थ का व्हावा? कारण फेनिटॉईनचा निचरा करणारी यकृतातील यंत्रणा लवकर भरून जाते. मोरीतून पाणी एका मर्यादेपर्यंतच वाहून जाते. नळ जरासा अधिक सोडला की ते तुंबते. तसेच येथे होते. डोसातील किरकोळ वाढ रक्तातील पातळी कितीतरी पटींनी चढवू शकते. सुरक्षित पट्टाही अरुंद, मिलिलिटरमागे साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम.

टायरर, ईडी आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. फेनिटॉईनची कंपनी परस्पर बदलू नये, बदललीच तर डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करावी, या दक्षतेमागे असे अनुभव आहेत. उलट दिशेचा बदलही तितकाच घातक ठरतो. पातळी घसरली तर आकडी परतते आणि गोळ्या एकाएकी बंद केल्यास ती न थांबणारी, जीवघेणी होऊ शकते. ब्रिस्बेनच्या रुग्णांचा डोस म्हणूनच बंद न करता जुळवून घ्यावा लागला.