कोयनेलच्या पेल्यातला उजेड

कोयनेलची चव ज्याच्या जिभेवर एकदा बसली, तो ती जन्मात विसरत नाही. हिवतापाच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी या गोळ्या असत आणि मुलांच्या गळी त्या उतरवताना आयांना गूळ, साखर, प्रसंगी धपाटा असे सर्व उपाय योजावे लागत. पण या कडवट औषधाला एक देखणे अंगही आहे. किंचित आम्ल घातलेल्या पाण्यात कोयनेल विरघळवून काचेचा पेला उन्हात धरला, की एरवी नितळ दिसणाऱ्या त्या द्रवाच्या काठाशी आकाशासारखी निळाई तरळू लागते. १८४५ साली सर जॉन हर्शेल या इंग्रज ज्योतिर्विदाने या निळाईची नोंद केली आणि १८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी तिचे मर्म उलगडले. सूर्यप्रकाशातला जांभळ्यापलीकडचा जो भाग आपल्या डोळ्यांना दिसत नाही, तो कोयनेल गिळते आणि दिसेल अशा निळ्या रंगात परत करते. फ्लुओरस्पार नावाच्या खनिजातही हा गुण असतो. त्यावरून स्टोक्स यांनी याला ‘फ्लुओरेसन्स’ असे नाव दिले.

आणखी चार वर्षांनी, १८५६ साली, लंडनमधला विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी ईस्टरच्या सुट्टीत घरच्याच लहानशा प्रयोगशाळेत कोयनेल बनवण्याच्या खटपटीला लागला. कोयनेल सिंकोना झाडाच्या सालीतून निघे आणि महाग पडे. ते कोळशाच्या डांबरातून करता आले, तर हवेच होते. पोराच्या हाती कोयनेल आले नाही. आला तो काळा गाळ. पण तो अल्कोहोलने धुताना सुरेख जांभळा रंग उतरला, त्या रंगाने रेशीम रंगले आणि डांबरातून रंग काढण्याचा एक नवाच उद्योग जगात उभा राहिला.

म्हणजे पाहा, एकाच कडू औषधाने माणसाला दोन गोष्टी दिल्या. एक, अदृश्य प्रकाश गिळून उजळणाऱ्या पदार्थांची ओळख. दुसरी, कृत्रिम रंग. या दोन धाग्यांची गाठ पुढे आपल्या रक्तातल्या जिवंत पेशींवर पडली. त्या गाठीची हकीकत मला आज सांगायची आहे. ती केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाची नाही. तिच्यावर माणसांचे जगणे-मरणे ठरले आहे.

१८७१ साली अॅडॉल्फ फोन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फ्लुओरेसिन हा रंग तयार केला. त्याचा चिमूटभर अंशही पाण्यात हिरवागार उजळतो. १८७७ साली त्याचा एक मजेदार उपयोग झाला. जर्मनीत इमेंडिंगेन गावाजवळ दान्यूब नदीचे पाणी जमिनीत गडप होते. ते जाते कोठे, हा वाद होता. तेव्हा सुमारे दहा किलो रंग तेथे नदीत सोडण्यात आला आणि साठेक तासांनी काही कोस दूर असलेला आख नदीचा झरा हिरवा होऊन वाहू लागला. काळ्या समुद्राला जाणारे पाणी ऱ्हाइनकडे पळत होते, हे सिद्ध झाले. वाट दिसत नसेल तर वाटसरूला रंगवून सोडावे, ही ती युक्ती. पुढच्या साऱ्या कथेचे बीज तिच्यात आहे.

पाऊल एर्लिख नावाच्या तरुण जर्मन वैद्याला या नव्या रंगांचे वेडच लागले होते. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, तांब्याच्या तापलेल्या पत्र्यावर शेकायचा आणि मग त्याला नाना रंगांत न्हाऊ घालायचे. काही पांढऱ्या पेशी एक रंग घेत, काही दुसरा. इओसिन हा लालसर रंग (तोही फ्लुओरेसिनपासूनच झालेला) ज्यांनी उचलला, त्या पेशींना १८७९ साली इओसिनोफिल हे नाव मिळाले. आजही रक्ताच्या अहवालात ते छापलेले असते. परंतु या ज्ञानाची किंमत अशी की, पाहण्यापूर्वी पेशीला मारावे लागे. शेकलेली पेशी कोण आहे हे सांगते; ती काय करत होती हे सांगू शकत नाही.

त्याच काळात एल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ उलट वाटेने चालला होता. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात, घरची मंडळी माकडांचे खेळ पाहायला सर्कशीला गेलेली असताना, हा सूक्ष्मदर्शकापाशी बसून राहिला. तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगात त्याने गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी त्याला जिवंतपणी दिसल्या, कारण ते पिलू काचेसारखे आरपार होते. माणूस तसा नाही, हीच अडचण होती. १९०८ साली नोबेल पारितोषिक एर्लिख आणि मेचनिकॉव्ह यांना विभागून दिले गेले. रक्षण पेशी करतात की रक्तद्रवातली द्रव्ये, या वादात दोघे दोन बाजूंना उभे होते, हे त्यातले गमक.

अडचण आणखी एक होती. रक्षक पेशींतल्या लिंफोसाइट नावाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसतात. आषाढीच्या दिंडीत सर्वांचेच अंगरखे पांढरे. त्यात टाळकरी कोण, विणेकरी कोण, हे लांबून कसे ओळखावे? तोड सुचली ती अल्बर्ट कून्स या अमेरिकन डॉक्टरला. १९३९ च्या उन्हाळ्यात तो बर्लिनमध्ये होता. शरीर एकेका परक्या पदार्थासाठी नेमके प्रतिपिंड घडवते आणि ते आपले लक्ष्य सोडून दुसऱ्याला चिकटत नाही. मग त्या प्रतिपिंडालाच उजळणारा रंग बांधला तर? हार्वर्डला परतल्यावर १९४१ साली त्याने ते करून दाखवले. पहिला रंग निळा उजळे आणि शरीराच्या स्वतःच्या मंद निळाईत हरवे. म्हणून त्याने फ्लुओरेसिन घेतले. हिरवा उजेड काळोखात उठून दिसला.

आता दिवा होता. मोजणारा हवा होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातला लेनर्ड हर्झेनबर्ग हा उजळलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकातून मोजून मोजून डोळ्यांनी थकला होता. हे काम करणारे यंत्र असलेच पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. आणि ते निम्मेअधिक तयार होतेही. तेही अणुबाँब जिथे जन्मला त्या लॉस अलामोसमध्ये! तेथील मॅक फुलवायलर याने १९६५ साली आकारावरून पेशी वेगळ्या करणारे यंत्र बांधले होते. त्यातली थेंब वळवण्याची कला स्टॅनफर्डच्याच रिचर्ड स्वीट याची होती. त्याने ती कागदावर शाईचे थेंब नेमके पाडण्यासाठी काढली होती. म्हणजे शाईचे तंत्र स्टॅनफर्डहून वाळवंटात गेले आणि पेशी निवडण्याचे तंत्र होऊन घरी परतले. हर्झेनबर्गने लॉस अलामोसहून नकाशे आणले, त्यात आकाराऐवजी उजेड ओळखण्याची सोय केली आणि १९६९ साली आपले यंत्र जाहीर केले. १९७२ पर्यंत त्यात लेसरही आला. जर्मनीत म्युन्स्टरलाही वोल्फगांग ग्योहडे याने १९६८ साली असाच मार्ग काढला होता.

हे यंत्र मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पाहिले आहे. दिसायला ते बेताच्या कपाटाएवढे. पण आत चाललेले पाखडणे विलक्षण! पेशी घातलेला द्रव स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेच्या मधोमध सोडतात, त्यामुळे पेशी एकामागून एक, रांगेने, लेसरच्या निळ्या किरणासमोरून जातात. रंग बांधलेली पेशी क्षणभर हिरवी लकाकते आणि यंत्राचा डोळा ती टिपतो. सेकंदाला हजारो पेशी अशा तपासल्या जातात. पुढे धारेचे थेंब होतात. ज्या थेंबात हवी ती पेशी असेल, त्याला विजेचा भार मिळतो, आणि दोन धातूच्या पट्ट्यांमधून पडताना तो बाजूला वळून वेगळ्या नळीत जातो. नळीतली ती पेशी जिवंत असते. प्रतिपिंड तिच्या अंगावर चिकटलेले असते, पोटात शिरलेले नसते. एखादी पेशी मेलीच असेल, तर तीही ओळखू येते. तिचे आवरण ढासळलेले असल्याने जिवंत पेशीत न शिरणारा प्रोपिडियम आयोडाइडचा लाल रंग तिच्यात शिरतो.

१९७५ साली केंब्रिजमध्ये क्योहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी करण्याची रीत शोधली आणि यंत्राला खरी दृष्टी आली. १९८२ साली रॉजर त्सिएन याने त्याहून पुढचे पाऊल टाकले. जिवंत लिंफोसाइटमध्ये अलगद शिरेल आणि आतल्या कॅल्शियमच्या चढउताराप्रमाणे कमीजास्त उजळेल असा रंग, ‘क्विन-२’, त्याने वापरला. आता पेशी कोण आहे इतकेच नव्हे, तर तिला कोणी साद घातली की ती कशी दचकते, हेही दिसू लागले. आणि गंमत अशी की, या क्विन-२ चा उजळणारा भाग म्हणजे कोयनेलच्या रेणूत असते तेच मिथॉक्सी-क्विनोलीनचे कडे. हर्शेलच्या पेल्यातली निळाई जिवंत पेशीच्या पोटात जाऊन पोचली.

निवडलेली पेशी जिवंत राहण्याला केवढे मोल आहे, ते १९८८ साली कळले. स्टॅनफर्डमध्येच आयर्व्हिंग वाइसमन यांच्या मंडळींनी या यंत्राने उंदराच्या मगजातून रक्ताच्या मूळ पेशी वेचल्या. किरणांच्या माऱ्याने मरणारच अशा उंदरांपैकी निम्मे, प्रत्येकी अवघ्या तीस पेशींवर वाचले.

पण माणसांच्या जगात या यंत्राची कसोटी त्याआधीच सुरू झाली होती. ५ जून १९८१ रोजी लॉस एंजल्समधल्या पाच तरुणांच्या चमत्कारिक न्यूमोनियाची वार्ता प्रसिद्ध झाली. नव्या प्रतिपिंडांनी असे रुग्ण तपासले, तेव्हा त्यांच्या रक्तातली एकच जात नाहीशी होत चाललेली दिसली. आज आपण तिला सीडी-४ म्हणतो. इतर पेशींना कामाला लावणारी ही जात. एर्लिखच्या रंगांना ती ओळखताच आली नसती. एड्सचा विषाणू पुढे सापडला. घाव कोठे बसतो, ते आधी कळले.

भारतात हा विषाणू प्रथम १९८६ साली मद्रासेत आढळला. निर्मला या विद्यार्थिनीने गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांत तो होता आणि तिच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन. त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. पुढे त्यांनी रुग्णांसाठी जी संस्था काढली, तिलाही वाय. आर. गायतोंडे हेच नाव दिले. २०१५ साली त्या वारल्या. तोपर्यंत, ज्यांना लोक दारात उभे करत नव्हते त्यांना त्यांनी शेजारी बसवले.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधोपचार सुरू केला. औषध कोणाला आधी द्यायचे, ते बहुतांशी याच आकड्यावर ठरे. निरोगी माणसाच्या घनमिलिमीटर रक्तात सीडी-४ पेशी साधारण पाचशे ते पंधराशे असतात. दोनशेच्या खाली आल्या, की औषध. २००६ साली आमच्या शेजारच्या एका तरुणाबरोबर मी असा कागद घ्यायला गेलो होतो. नावगाव सांगत नाही. कागदावर १६४ हा आकडा होता. तो वाचून त्याने मला विचारले, “काका, म्हणजे अजून आहेत ना?” मी म्हटले, “आहेत.” त्या घटकेला हर्शेल, एर्लिख, हर्झेनबर्ग हे कोणी मला आठवले नाहीत. त्या एकशे चौसष्ट पेशी कोणीतरी अंधारात दिवा धरून मोजल्या होत्या, एवढे मात्र जाणवले.

२०१७ पासून आकडा पाहून थांबावे लागत नाही; निदान होताच उपचार मिळतो. तरी उशिरा आलेल्या रुग्णाला धोका किती, हे आजही तोच आकडा सांगतो. आमच्या शेजाऱ्याचा आकडा पुढे सहाशेच्या वर गेला. त्याची थोरली मुलगी यंदा दहावीला आहे.