नगरचे घर आणि साताऱ्याचा दरबार

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या एका कपभर चहाने केवढे वादळ उठवले होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. त्यानंतर वीस वर्षेही उलटली नसतील, तोच खानदेशातला एक ब्राह्मण मुलगा नगरला एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी राहायला गेला आणि थोडीथोडकी नव्हे, काही वर्षे तेथे राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा तो मुलगा आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ते घर. बालकवींच्या चरित्रात हा मजकूर एका ओळीत आटोपतो. आपल्याकडे निसर्गकवितेची चर्चा भरपूर झाली. ती लिहिणाऱ्या अस्थिर तरुणाला कोणी आणि कसे सांभाळले, याची मात्र फारशी झालेली नाही.

१९०७ साली जळगावला झालेल्या कविसंमेलनात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी ठोमऱ्यांना 'बालकवी' ही पदवी दिली. तेव्हा ते सतरा वर्षांचेही नव्हते. पदवी मिळाली, तिने पोटापाण्याची सोय मात्र झाली नाही. वडील पोलीस खात्यात, बिऱ्हाड सतत हलणारे, शिक्षण अर्धवट, पुढे लग्न झाले त्यातही सुख नाही. त्यात स्वभाव लहरी, क्षणात हर्षाने भरून येणारा आणि क्षणात खचणारा. 'फुलराणी' लिहिणारा हात आणि 'पारवा' लिहिणारा हात एकच आहे, हे आपण वर्गात सांगतो. रोजच्या जेवणाच्या पंक्तीला असा माणूस समोर बसलेला असणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

टिळकांना हा मुलगा का ओळखता आला, याचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या पूर्वायुष्यात शोधावे लागते. आई गेल्यावर लहानपणीच घर सोडलेला नारायण नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला, तो परक्यांच्या आधारावरच. पुढे वणी, नागपूर, राजनांदगाव अशी भटकंती झाली. धरलेले काम सोडणे तर नित्याचेच होते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने हाती दिलेल्या 'नव्या करारा'पासून जी दिशा लागली ती १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्म्याला पोचली. त्या दिशेची किंमत लक्ष्मीबाईंनी सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीने मोजली. म्हणजे ज्याने ठोमऱ्यांना आसरा दिला, तो स्वतः कुटुंबाला वाऱ्यावर सोडून गेलेला माणूस होता. ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाईंनीही ती झाकलेली नाही.

या घरात सांभाळण्याचे काम दोन तऱ्हांनी चाले. टिळकांची तऱ्हा गुरूची: कविता ऐकणे, तिच्यावर बोलणे, तरुणाला आपल्या बरोबरीचा कवी मानणे. वयात जवळजवळ तीस वर्षांचे अंतर असताना ही बरोबरी देणे सोपे नव्हे. लक्ष्मीबाईंची तऱ्हा निराळी. ठोमऱ्यांचे रुसवेफुगवे, हट्ट आणि लहरी त्यांनी 'स्मृतिचित्रां'त लिहिल्या त्या घरच्या मुलाविषयी लिहाव्यात तशा. त्यांत कौतुक आहे, वैतागही आहे, आणि प्रतिभेपुढे दिपून जाणे कोठेच नाही. माझ्या मते या घराचे खरे सामर्थ्य तिथेच होते. ज्याला बाहेर सगळे 'बालकवी' म्हणून डोक्यावर घेत होते, त्याच्याशी भांडणारे कोणीतरी घरात होते. टिळकांच्या औदार्याचा हिशेब शेवटी लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी येई, हेही नोंदवले पाहिजे. पतीने दार उघडायचे आणि आत आलेल्याला वाढायचे पत्नीने, ही वाटणी ख्रिस्ती झाल्याने बदललेली दिसत नाही.

आता मूळ शंका. मिशनच्या माणसाने परधर्मातल्या अडचणीत सापडलेल्या मुलाला घरी ठेवले की समाज एकच प्रश्न विचारी: कशाच्या बदल्यात? तो प्रश्न निव्वळ द्वेषातून येत नव्हता. दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेली मुले बहुधा मिशनच्याच धर्मात वाढली, हा लोकांचा अनुभव होता. शिवाय मिशनच्या संस्थांची स्वतःची एक शिस्त होती. सांगलीला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत मुलांना अभ्यासाबरोबर हातचे कसब आणि शेती शिकवली जाई. शेजारच्या मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या रुग्णालयाभोवती तरुणांच्या वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली. या संस्थांनी असंख्य मुलांना पायावर उभे केले, त्यांचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. पण तेथे घंटा होती, वेळापत्रक होते, मुलगा कोण होणार याचा आराखडा आधीच ठरलेला होता. ठोमऱ्यांसारखा मुलगा घंटेबरोबर उठला असता असे वाटत नाही.

टिळकांच्या घरी मात्र तो प्रश्न अनुत्तरित राहिला नाही. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. ज्याने स्वतःच्या धर्मांतरासाठी सर्वस्व पणाला लावले, ज्याच्या उपजीविकेचा धंदाच धर्मोपदेशाचा होता, त्याच्या घरात काही वर्षे राहून ते जसे आले तसे हिंदूच राहिले. आणि त्यामुळे दोघांतला जिव्हाळा आटला नाही.

याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, भगवी वस्त्रे धारण केली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्या दरबाराची मुख्य कल्पना. मिशनमधल्या अनेकांना ती पचली नाही, हे साहजिकच होते. बाप्तिस्म्याची अट काढली तर चर्चची वेस कोठे राहिली? टिळकांच्या चरित्रकारांना या कल्पनेत तुकोबांच्या भक्तिमार्गाचा प्रभाव दिसतो, आणि तो आहेच. सज्जनगड डोळ्यांसमोर असलेल्या गावात मठ आणि शिष्यपरंपरा ही काही परकी भाषा नव्हती. मला मात्र त्या कल्पनेमागे नगरचे घरही दिसते. घरात जे आधी आपसूक घडले होते, त्याला साताऱ्यात नाव आणि नियम देण्याचा हा प्रयत्न होता. अर्थात हा माझा तर्क आहे; टिळकांनी तसे म्हटले आहे असा दावा नाही.

एवढे खरे की घर पुरले नाही. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनाशी रेल्वेखाली सापडून ठोमऱ्यांचा मृत्यू झाला. वय २७. अपघात की आत्मघात, ही चर्चा पुढे कित्येक वर्षे चालली. नगरचे घर तोवर मागे पडले होते, टिळक साताऱ्यात दरबाराच्या खटाटोपात होते. आसरा देणारा माणूस कोठवर पुरा पडतो, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. 'औदुंबर'मधला तो काळा डोह नगरच्या माणसांना दिसला नसेल असे नाही. पण दिसणे वेगळे आणि काढता येणे वेगळे.

वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन झाले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. लक्ष्मीबाई मात्र आणखी सतरा वर्षे जगल्या, टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे करीत आणले आणि १९३४पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. त्या पुस्तकात मराठी कवितेचा बालकवी शोधायला जाणाऱ्या विद्यार्थ्याची थोडी निराशा होते. तेथे भेटतात ते ठोमरे, घरात रुसून बसलेले.