टेलिपोर्ट आणि डोंगर: गेममधली वाट कुठे अडते?

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, गेममध्ये टेलिपोर्ट आहे ना, मग मध्ये डोंगर आला तर फरक काय पडतो? पडतो की! त्याचा इतिहासच आहे.

1997 साली 'अल्टिमा ऑनलाइन' आला. त्यात दगडी रूनवर जागेची खूण करून ठेवायची आणि मग मंत्र म्हटला की कुठूनही थेट तिथे. पण त्या जागेवर मधल्या काळात कुणी घर बांधलं, तर मंत्र फुकट. जागा अडलेली आहे, एवढाच निरोप यायचा. जवळच्या उडीसाठी वेगळा मंत्र होता, त्याला समोरची जागा नजरेच्या टप्प्यात लागायची. भिंतीपलीकडे नाही.

2004 च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये जादूगाराचा 'ब्लिंक' आला, पुढे 20 यार्ड. नाव टेलिपोर्टचं, पण संगणक आधी पुढची जमीन तपासतो. उंचसखल भागात कधीकधी गडी जागच्या जागी! खेळाडू वर्षानुवर्षं वैतागलेत. पुढे योद्ध्याची मोठी उडी आली, तीही ऐन लढाईत म्हणायची, वाट उपलब्ध नाही.

हे वाक्य वाचलं की मला आपला नंदुरबार आठवतो. नकाशावर बोट ठेवलं तर धडगाव, मोलगी, तोरणमाळ सगळं जवळ. प्रत्यक्षात घाट चढा, उतरा, परत चढा. सातपुड्यात सरळ रेषेचा काही उपयोग नाही. बरं, मोबाइलचं नेटवर्कही तसंच. टॉवर आणि तुमच्यामध्ये टेकडी आली की रेंज गेली.

आणि रूनची गोष्ट तर इथे खरीच घडली. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं आली. मणिबेली त्यातलं सुरुवातीचं. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, उंची 138.68 मीटर. ज्यांच्या डोक्यात नदीकाठच्या शेताची, पायवाटेची खूण पक्की होती, त्यांची खूण तशीच राहिली. जागेवर पाणी. (गेममध्ये निदान दुसरा रून मिळतो.)

काठावर उरलेल्या पाड्यांना आता शेजारच्या गावाला जायलाही होडी लागते. दवाखानासुद्धा पाण्यावरून तरंगत येतो. तोवर आजारी माणूस झोळीत, आणि झोळीचा बांबू दोघांच्या खांद्यावर.