मुंबईच्या गोदींतील ‘नेमेसिस’

कयाधूकांठच्या हिंगोलीसारख्या गांवास समुद्र हा केवळ भूगोलाच्या पुस्तकांतील विषय होय. आरमाराचें भय किनाऱ्यास, आपणांस नव्हे, अशी आंतील मुलुखाची सहज समजूत असते. चीनच्या नदीकांठच्या शहरांचीही समजूत अशीच होती. ती ज्या आगबोटीनें खोटी पाडली, ती ‘नेमेसिस’ १८४३ सालीं मुंबईच्या गोदींत आली होती.

१८३९ सालीं बर्कनहेड येथें जॉन लेअर्ड यांच्या कारखान्यांत ही लोखंडी आगबोट ईस्ट इंडिया कंपनीसाठीं तयार झाली. लांबी १८४ फूट, दोन्ही अंगांस चाकें, बत्तीस पौंडी गोळ्याच्या दोन तोफा. परंतु तिचें खरें सामर्थ्य तळाच्या सपाटपणांत होतें. तिला सुमारें सहा फूट पाणी पुरत असे. म्हणून जेथें मोठ्या लढाऊ जहाजांचा रिघाव नव्हता, तेथें ती वाऱ्याची वाट न पाहतां शिरे. लोखंडामुळें होकायंत्र चळे. त्यावर ज्योतिर्विद एअरी यांनीं शोधलेला उपाय योजावा लागला. १८४० सालीं कॅप्टन हॉल तिला घेऊन निघाले. आफ्रिकेजवळ तुफानांत तिचा सांगाडा चिरला. डेलागोआच्या उपसागरांत तो सांधून ती चीनला पोंचली आणि १८४१ च्या जानेवारींत कँटनच्या नदीमुखाशीं चिनी आरमाराचा तिनें धुव्वा उडविला.

युद्ध अफूचें होतें, आणि माळव्याची अफू मुंबईहूनच चीनला जाई. २९ ऑगस्ट १८४२ रोजीं नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला, तेंही १८१३ सालीं मुंबईंतच वाडियांच्या देखरेखीखालीं सागवानानें बांधलेलें. चीनला हाँगकाँग द्यावें लागलें, पांच बंदरें खुलीं करावीं लागलीं.

गोदींत ‘नेमेसिस’चा तळ उघडा पडला, तेव्हां खडकांवर आपटून पत्रे ठिकठिकाणीं खोल चेपलेले दिसले, तरी गळती नव्हती. सागवानाची सद्दी संपत आल्याची ती साक्षच होती. तेथील वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंते त्या वेळीं अर्देशीर खरशेटजी वाडिया होते. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. म्हणजे नवी विद्या आमच्या हातीं येत होती. पण आगबोट कोठें न्यावी आणि तोफेचें तोंड कोणाकडे वळवावें, हें ठरविणें मात्र आमच्या हातीं नव्हतें. विद्या आणि सत्ता यांतील हें अंतर त्या चेपलेल्या पत्र्यांहून खोल होतें.